प्युब्लोचं कंपनी रुग्णालय शोधताय? आधी नावं जुळवा

प्युब्लोच्या पोलाद कंपनीच्या रुग्णालयाचा इतिहास शोधायचाय? छान विषय घेतलात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या प्युब्लोत नवखे अडकतात ते नावापाशीच. पोलाद कंपनीचं मिनेक्वा हॉस्पिटल १९०२ मध्ये सुरू झालं, पुढे कंपनीचे प्रमुख डॉक्टर रिचर्ड कॉर्विन यांचं नाव त्याला मिळालं, नंतर ते सेंट मेरी-कॉर्विन झालं. एकच नाव धरून बसलात तर अर्धा इतिहास निसटेल.

सध्या एवढंच करा:

- नाव, वर्ष, मालक असा तक्ता मांडा.
- कंपनीचं 'कॅम्प अँड प्लांट' हे जुनं साप्ताहिक वाचा. तपशील भरपूर, पण ते कॉर्विन यांच्याच समाजविषयक विभागाचं मुखपत्र! म्हणून त्याच आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र शेजारी ठेवाच.
- कंपनीचा दवाखाना (डिस्पेन्सरी) आणि रुग्णालय यांची गल्लत नको. आज पोलाद कारखान्याचं संग्रहालय आहे ती इमारत दवाखान्याची.

रुग्णांच्या नोंदींमागे इतक्यात लागू नका. तक्ता झाला की दाखवा, पुढचं मिळून बघू.