लातूर परिसरातील सोयाबीनच्या पुरवठा साखळीसाठी सिनॅरिओ कसे बांधावेत?

लातूरजवळच्या सोयाबीन प्रक्रिया कारखान्यासाठी खरेदी, साठवण आणि वाहतूक यांचे सिनॅरिओ, म्हणजे पुढे काय काय घडू शकेल याची वेगवेगळी चित्रे, कसे बांधावेत, ते किती असावेत आणि त्यांतील आकडे कोठून घ्यावेत, असे आपण विचारले आहे. मी याच भागात गोदामे आणि मालवाहतूक यांच्या नियोजनाचे काम करतो, त्या आधारे उत्तर देतो.

ज्या निर्णयासाठी हा खटाटोप करायचा आहे, तो आधी एका वाक्यात लिहून काढावा. ‘पुढचा हंगाम कसा जाईल’ हा प्रश्न फार पसरट आहे. ‘ऑगस्टअखेर जादा गोदाम भाड्याने घ्यायचे की नाही’ या प्रश्नाला मात्र सिनॅरिओ उपयोगी पडतात, कारण करार झाल्यावर माघार महागात पडते आणि त्या वेळी पाऊस व भाव या दोहोंचाही अंदाज आलेला नसतो.

जून-जुलैची पेरणी, सप्टेंबरअखेर सुरू होणारी काढणी, दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात (धान्य बाजारात) वाढणारी आवक आणि वर्षभर चालवायचा कारखाना, या बाबी सर्व सिनॅरिओंत सारख्याच राहतील. काढणीच्या वेळी पाऊस पडतो की उघडीप मिळते आणि बाजारभाव हमीभावाच्या वर राहतो की खाली, या दोन अनिश्चित गोष्टींवरून चार सिनॅरिओ होतात व तेवढे पुरेत. तीन केले की वाचणारा मधला उचलतो आणि बाकीच्यांकडे पाहतही नाही, म्हणून मी तीन टाळतो.

खरी मेहनत पुढे आहे, कारण सिनॅरिओतील प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून निघाली पाहिजे. भाव कमी आणि काढणीत पाऊस, हा सिनॅरिओ घ्या. मळणी लांबते, दाण्यातील ओलावा वाढतो आणि हमीभाव खरेदीसाठीची 12 टक्क्यांची नेहमीची मर्यादा ओलांडलेला माल केंद्रावरून परत जातो. मग शेतकरी एक तर माल वाळवत थांबतो किंवा मोंढ्यात मिळेल त्या भावाने विकतो. थांबणारे अधिक असले तर आवक आधी आटते आणि नंतर एकदम येते, पण तोवर उसाचा गाळप हंगाम सुरू होऊन वाहने आणि मजूर तिकडे गेलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला पाऊस अशा रीतीने काही आठवड्यांनी वाढीव भाडे आणि हमालांची टंचाई होऊन कारखान्याच्या फाटकाशी येतो. आवक नुसती 10 टक्क्यांनी कमी-जास्त करून पाहिली तर ही साखळी दिसत नाही.

सरकारी निर्णयांसाठी मी वेगळे सिनॅरिओ करत नाही, तर चारही सिनॅरिओंत त्यांची नोंद ठेवतो. 2024 च्या हंगामात ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले आणि मे 2025 मध्ये ते 10 टक्क्यांवर आले.

आता आकडे. समजा, एक ट्रक काट्यावर घेऊन रिकामा करायला 20 मिनिटे लागतात आणि काम 10 तास चालते, म्हणजे दिवसाला 30 ट्रक होतात. रोज 36 ट्रक आले तर पाच दिवसांत 30 ट्रक रांगेत उभे राहतील, म्हणजे पूर्ण एका दिवसाचे काम तुंबेल. सरासरी 28 असली तरीही निर्धास्त राहू नये, कारण गाड्या एकसारख्या अंतराने येत नाहीत. सरासरीत पुरेशी वाटणारी व्यवस्था प्रत्यक्षात कोठे तुंबते, हे ट्रक येण्याच्या वेळा बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांना 10 डबे होते आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी येत होते. पुढे 50 डब्यांतून सुमारे 25 लाख लिटर येऊ लागले. सुमारे 340 किलोमीटरचे अंतर तेवढेच राहिले, पण भरण्याची आणि उतरवून घेण्याची सोय त्या प्रमाणात वाढवावी लागली. आपल्या साखळीतही रस्त्याइतकेच लक्ष दोन्ही टोकांकडे द्यावे.

ट्रक किती येतात आणि रिकामे व्हायला किती वेळ लागतो, हे आकडे कार्यालयातील अहवालांत क्वचितच सापडतात. मापाडी, हमालांचा मुकादम, आडते आणि ट्रकचालक यांना विचारावे आणि शक्य असल्यास गर्दीच्या दिवसांत काट्यावर उभे राहून वेळा स्वतः टिपाव्यात.

शेवटी गोदामाचा तोच निर्णय चारही सिनॅरिओंत तपासावा आणि प्रत्येकाची आगाऊ चाहूल देणारी खूण ठरवून ठेवावी: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील पाऊस, मोंढ्यात येणाऱ्या पहिल्या मालाचा ओलावा, भाव आणि हमीभाव यांतील अंतर. गोदामाच्या मालकाशी करार करताना अर्धी जागा निश्चित आणि उरलेली ऑक्टोबरमध्ये घेण्याची मुभा अशी अट मिळाली, तर या खुणा पाहून निर्णय घ्यायला वेळ मिळतो. त्यासाठी थोडे जास्त भाडे द्यावे लागले तरी मी ते देईन.