फिजिक्सचा होमवर्क झेपवायचा असेल तर लवकर अडकायला शीक

तू विचारलंयस: येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला निघते आहेस, पहिल्या सेमिस्टरला क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स असे तीन कोर्स, जोडीला टीएचं (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्या-तपासण्यात मदत) काम. सीनियर म्हणतात की होमवर्कच जीव काढतो. तो कसा निभवायचा?

आधी तासांचा हिशोब कर. तीन कोर्स म्हणजे साधारण ९ क्रेडिट, आठवड्याला ९ तास वर्ग. टीएचे २० तासांपर्यंत. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच्या कामाची मर्यादाही तेवढीच आहे. वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन तास अभ्यास, हे क्रेडिटमध्येच गृहीत धरलेलं असतं. पण या कोर्सना एकेका होमवर्कला ८ ते १० तास धरून चाल. बेरीज पंचावन्नच्या पुढेमागे जाते. तास पुरतात, पण जेमतेम, आणि तेही सगळ्या आठवडाभर पसरले तरच. एका रात्रीत १० तास बसून हा होमवर्क होत नाही, कारण त्यातला निम्मा वेळ लिहिण्यात जात नाही, अडकून राहण्यात जातो. म्हणून सगळी युक्ती एवढीच की अडकायचं ते लवकर अडकायचं, म्हणजे विचारायला माणसं आणि दिवस दोन्ही शिल्लक राहतात.

समजा होमवर्क गुरुवारी मिळाला आणि पुढच्या गुरुवारी द्यायचाय, गणितं ५. गुरुवारीच संध्याकाळी प्रत्येकाला १५-२० मिनिटं दे. सोडवायला बसू नकोस. आकृती काढ, काय दिलंय आणि काय मागितलंय ते स्वतःच्या शब्दांत लिही, कुठलं तत्त्व लागेल याचा अंदाज लिही, आणि शेवटी एक ओळ: ‘इथे मला कळत नाहीये.’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. दोन गणितं सोपी निघतील, दोन मध्यम, एक असं असेल की सुरुवात कुठून करायची तेच समजणार नाही. त्या एकाची ओळख पहिल्या दिवशी होणं आणि बुधवारी रात्री होणं, यात फार फरक आहे.

शुक्रवार ते रविवार एका बैठकीला एक-दोन गणितं. ४५ मिनिटं नवीन काही सुचलं नाही तर थांब, कुठपर्यंत पोचलीस ते लिहून ठेव आणि दुसरं गणित घे. परत आल्यावर बऱ्याचदा वाट दिसते. नाही दिसली तर सोमवारी-मंगळवारी ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांनी शंकांसाठी ठेवलेल्या वेळेला, जा. तिथे ‘तिसरं गणित येत नाही’ म्हणून जाऊ नकोस. कागद घेऊन जा: ‘इथवर आले, ही बाउंडरी कंडिशन लावली, इथे दोन अज्ञात राशी उरतात आणि समीकरण एकच आहे.’ असा प्रश्न घेऊन आलेल्याला प्रोफेसर दहा मिनिटांत मार्गावर आणतात. मोकळ्या हातांनी गेलेल्यालाही मदत मिळते, पण ती ‘पुस्तकातला तो भाग वाच’ एवढीच. आणि संकोच सोड. आपल्याकडून जाणाऱ्यांना सरांचं दार वाजवायला फार जड जातं. तिथे तो वेळ त्यासाठीच राखून ठेवलेला असतो.

ग्रुप हवाच, तीन-चार जणांचा. नियम एकच: प्रत्येकाने आधी स्वतः हात घातलेला असावा. एकाने सोडवायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं, असा ग्रुप झाला की परीक्षेत तो एकटाच तरतो. चर्चा एकत्र, लिखाण मात्र घरी, समोर कुणाचा कागद न ठेवता. लिहिताना अडलीस तर ते गणित समजलेलं नव्हतं. कोणाबरोबर काम केलं त्यांची नावं वर लिहावी लागतात का, एआयची मदत चालते का, हे सिलॅबसमध्ये, म्हणजे कोर्सच्या नियमांच्या पत्रकात, दिलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात शोधून वाच. उत्तरांची पुस्तकं इंटरनेटवर सहज सापडतात. त्यांतून उतरवलेलं तपासणाऱ्याला ओळखू येतं, कारण तीच चिन्हं, त्याच उड्या आणि तीच चूक चार जणांत दिसते. अशी प्रकरणं विद्यापीठात फार गंभीर धरली जातात.

आता सोडवण्याबद्दल. आकडे शेवटपर्यंत घालू नकोस, अक्षरांतच चल. मग उत्तर तपासता येतं. एक जुनं गणित घे: गुळगुळीत जमिनीवर पाचर, तिच्या गुळगुळीत उतारावरून ठोकळा घसरतो, उताराचा कोन थीटा, पाचरीचं त्वरण काढा. बरोबर उत्तरात अंशस्थानी ठोकळ्याचं वस्तुमान, जी (गुरुत्वीय त्वरण), साइन थीटा आणि कॉस थीटा यांचा गुणाकार येतो. छेदात येते पाचरीचं वस्तुमान अधिक ठोकळ्याचं वस्तुमान गुणिले साइन थीटाचा वर्ग. पाचरीच्या चौकटीतून, म्हणजे पाचर स्थिर धरून, लिहिताना आभासी बलाचं चिन्ह चुकलं की त्या ‘अधिक’चं ‘उणे’ होतं. आता ताळा पाहा. एकके जुळतात. थीटा शून्य केला तर त्वरण शून्य, ठीक. पाचर प्रचंड जड केली तरी शून्य, तेही ठीक. म्हणजे नेहमीच्या तिन्ही ताळ्यांत चुकीचं उत्तर पास होतं! पकडलं जातं ते पुढच्या प्रश्नाने: छेद कधी शून्य होऊ शकतो का? उणे असेल तर हलकी पाचर घेतल्यावर होतो, म्हणजे त्वरण अनंत, आणि ते अशक्य. हा चौथा प्रश्न विचारायची सवय लाव. मिनिटभर लागतं आणि अख्ख्या गणिताचे गुण वाचतात.

इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये हमखास नडतात त्या दोन गोष्टी. पुस्तक गॉसियन एककांत (एककांची जुनी पद्धत) आणि वर्गातल्या नोट्स एसआयमध्ये असतील तर 4π हा गुणक कुठेतरी हरवतो. पानाच्या माथ्यावरच एकक पद्धत लिहून टाक. दुसरं, गोलीय निर्देशकांत थीटा आणि फाय गणिताच्या पुस्तकांत पुष्कळदा उलटे असतात. तिथून इंटिग्रल उचललंस तर आधी अक्षरं बदलून घे. क्वांटममध्ये तसंच फूरिए ट्रान्सफॉर्ममधल्या 2π या गुणकाचं. एका पानावर नेहमी लागणारी इंटिग्रल्स, ट्रान्सफॉर्म आणि त्यांची वापरात असलेली व्याख्या लिहून भिंतीवर लाव.

गुण पायऱ्यांना मिळतात. अडलेलं गणितही कोरं सोडू नकोस: आकृती, समीकरणं, आणि ‘उत्तराचं चिन्ह उलटं येतंय, चूक सापडली नाही’ असं प्रामाणिक वाक्य लिही. लेटेकमध्ये (गणिती मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर) टाइप करायचा हट्ट पहिल्या सेमिस्टरला नको; स्वच्छ हस्ताक्षर, प्रत्येक गणित नव्या पानावर, सगळं एका पीडीएफमध्ये. अपलोडला अर्धा तास राखून ठेव. तपासून आलेला होमवर्क बाजूला टाकू नकोस. जिथे गुण गेले ते गणित दोन दिवसांत कोऱ्या कागदावर पुन्हा कर. क्वालिफाइंग परीक्षा (पीएचडी पुढे चालू ठेवायला पास व्हावी लागते ती) असेल तर त्या वेळी हाच गठ्ठा कामाला येतो.

टीएचे तास दर आठवड्याला सारखे नसतात. तुझ्या विद्यार्थ्यांची मिडटर्म झाली की पेपरांचा ढीग येतो. तो आठवडा आणि तुझ्या डेडलाइन आधीच एका कॅलेंडरवर टाक. दोन्ही एकाच वेळी येताना दिसल्या तर आठवडाभर आधी प्रोफेसरांशी बोल. आदल्या रात्रीच्या ईमेलने क्वचितच काही होतं.

निघायला अजून वेळ आहे तोवर नवीन फिजिक्स वाचू नकोस. गणिताचा हात बसव: वक्र निर्देशकांतलं व्हेक्टर कॅल्क्युलस, आयगेनव्हॅल्यू, कंटूर इंटिग्रेशन, साधी डिफरन्शियल समीकरणं. रोज तासभर, उत्तर न बघता.

आणि तीन कोर्स खरोखरच जड जात असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ॲडव्हायजरला सांग. बऱ्याच विभागांत ग्रॅज्युएट कोर्सऐवजी आधी वरच्या वर्षाचा अंडरग्रॅज्युएट कोर्स घेता येतो. मात्र कोर्स सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात विचार. परवानगीशिवाय फुलटाइमला लागणाऱ्या क्रेडिटच्या खाली गेलीस तर एफ-१ स्टेटस धोक्यात येतं.