सेल्फ बदलायच्या आधी अर्थिंग बघ

बाकीच्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, वेंगुर्ल्याला काकांच्या घरी, काका मुंबईला, त्यामुळे गाडी चालते ती गणपतीत आणि शिमग्याला, एरवी माडाखाली उभी. पावसात सकाळी चावी फिरवली की नुसतं कट-कट, चालू झालीच तर मिसिंग (इंजिन अडखळत चालतं), आणि आंबोली घाट चढायला लागली की टेम्परेचरचा काटा वर. नवीन बॅटरी टाकून झाली तरी तेच, आता मेस्त्री म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलूया, नाहीतर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) असेल. आणि तुला हे सगळं स्वतः शिकायचंय.

तर सेल्फला सध्या नाही म्हण. मेस्त्री फसवतोय असं नाही, त्याच्या दारात चार गाड्या उभ्या असतात, मोजत बसायला त्याला वेळ नाही, म्हणून पार्ट बदलून बघतो. तुझ्याकडे वेळ आहे. एक साधा डिजिटल मल्टीमीटर घे, चार-पाचशेच्या आसपास बरा मिळतो, आणि ठरवून टाक की आकडा बघितल्याशिवाय पार्ट विकत घ्यायचा नाही. जुनी गाडी शिकायची म्हणजे निम्मं हेच, बाकीचं निम्मं पाने फिरवणं.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी काहीही चालू न करता दोन टोकांना मीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरी नवी आहे म्हणून भरलेली असेल असं धरू नकोस, महिनोन् महिने अर्धवट चार्जवर पडून राहिली तर नवीसुद्धा आतून खराब होते. मग गाडी चालू करून थोडी रेस ठेव आणि परत बघ, १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर अल्टरनेटर चार्जिंग करतोय, त्याच्या मागे लागू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जी आपल्याकडे किनाऱ्यावर निम्म्याहून जास्त गाड्यांना लागू पडते असं माझं मत. अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड केबल बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जाते, तिथे नटबोल्टाखाली लग (केबलच्या टोकाची धातूची चकती) असतो, आणि खाऱ्या हवेने त्या लगखाली पांढरी-हिरवी पावडर धरते. वरून नट घट्ट, केबल चांगली दिसते, पण सेल्फला लागणारा शंभरेक अँपिअरचा करंट त्यातून जातच नाही. दिव्याला थोडाच करंट लागतो म्हणून दिवे मस्त लागतात, आणि सगळ्यांना वाटतं सेल्फ गेला.

हे पकडायची पद्धत सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी) बारीक वायर काढून ठेव म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाच्या शिशावरच टेकव, क्लॅम्पवर नाही. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. मग घरातल्या कोणाला तरी चावी फिरवायला सांग आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदात आकडा बघ. ०.२-०.३ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर रोग सापडला, सेल्फ निर्दोष. तसंच पॉझिटिव्ह बाजूला, लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या, सेल्फ मारताना बॅटरीही साधारण ९.६ च्या खाली पडत नाही, आणि तरीही कट-कट, मग मात्र सेल्फ उतरव, आतले कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघ.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी. खुंटावरची पावडर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धू, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नकोस. लग आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घास, आवळ, आणि वरून व्हॅसलिन. बॉडीवरची बाकीची अर्थिंगं पण त्याच दिवशी करून टाक. काका मुंबईला गेले की निगेटिव्ह सोडवून ठेव आणि महिन्यातून एकदा चार्जर लाव, आणि हो, पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, ब्रेकचे शूज ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये टाक आणि चाकाखाली दगड लाव.

मिसिंगचं वेगळं. पावसातच होतं आणि दुपारी उन्हात जातं म्हणजे ओलावा. रात्री अंधार करून बॉनेट उघड, गाडी चालू ठेव, प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याचं झाकण) स्प्रेने थोडंसं पाणी मार (हात आणि कपडे लांब, फॅनबेल्टपासूनही). वायर फुटलेली असेल तर निळी ठिणगी बाहेर नाचताना दिसते. मग कॅप काढून आतून बघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथून पळतोय, कॅप आणि त्याच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदल. प्लग तीनच आहेत, काढून ओळीने ठेव: फिक्कट तपकिरी म्हणजे छान, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारी झडप) अडकलाय, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेव, नुसता एकच काळा असेल तर कार्बोरेटर खोलायची गरज नाही, कारण पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर तिघांनाही एकच.

कार्बोरेटरला लोक फार लवकर हात घालतात. त्याच्या आधी पेट्रोलचे पाईप बघ. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तुझ्या गाडीचं जुनं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाही, पाईप फुगतात नाहीतर तडकतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते टाकीत खाली बसतं. गाडी वापरात नसताना हे जास्त. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो शोध, आणि दुकानात इथेनॉलला चालणारा पाईप म्हणून स्पष्ट मागून घे, साधा गॅस शेगडीचा पाईप कापून लावणारे महाभाग आहेत आपल्याकडे, तसलं करू नकोस.

घाटात गरम होतं, ट्रॅफिकमध्ये उभी असताना नाही, हे तू लिहिलंस ते चांगलं केलंस. उभ्या गाडीत गरम झाली असती तर फॅन, फॅनचा स्विच, फ्यूज. चढावर होते म्हणजे रेडिएटरमधून पुरेसं पाणी किंवा हवा जात नाही. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघड, पाणी गंजकट लाल असेल तर रेडिएटर आतून तुंबत आलाय. बाहेरून जाळीला बोट लाव, किनाऱ्यावरच्या गाड्यांची जाळी भाजलेल्या पापडासारखी चुरते, तसं झालं असेल तर धुऊन उपयोग नाही, रेडिएटरच बदल. विहिरीचं पाणी घालणं बंद, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का तेही बघ, आपल्याकडे थंडी कुठे म्हणून काढून फेकतात, मग इंजिन नीट तापत नाही आणि गाडी पेट्रोल पिते. तपासायचा असेल तर दोऱ्याने टांगून पाण्यात उकळत ठेव, साधारण ८२ डिग्रीला उघडायला लागतो. पाणी सारखं कमी होतंय पण गळती कुठेच नाही, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला, तर हेड गॅसकेटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) संशय घे आणि मशीन शॉपवाल्या माणसाकडे जा, ते घरचं काम नाही. ब्रेकही एकट्याने पहिल्यांदा खोलू नकोस.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगतो. मॅट उचलून खालचा पत्रा बघ, दरवाजाखालची पाणी जायची भोकं जांभ्याच्या मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी कर, आणि जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर तिथे जॅक लावून खाली शिरू नकोस, आधी वेल्डिंग. १९९९ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग, २०२४ ला झालं असेल तर २०२९ पर्यंत वेळ आहे, पण पत्रा सडला तर इंजिन कितीही गोड चालू दे, पासिंगला भांडत बसावं लागेल.

आता या रविवारी बॅटरीचा सकाळचा आकडा, गाडी चालू असतानाचा, आणि सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजूचा, असे तीन लिही. तिन्ही प्लगचा फोटो टाक, एका ओळीत ठेवून. तोपर्यंत सेल्फचे पैसे मेस्त्रीला देऊ नकोस.