प्रवास-प्रश्नोत्तरे : केर्न्समधले चार दिवस, डोंगरापासून प्रवाळापर्यंत

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात नोकरीला आहेत आणि ते आम्हांला चार दिवसांसाठी केर्न्सला नेणार आहेत. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी डोंगरावरची रेल्वे, तिसऱ्या दिवशी जंगल आणि चौथ्या दिवशी शहर पाहून परतीचे विमान, असा कच्चा आराखडा आम्ही केला आहे. मुलीला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. हा क्रम योग्य आहे का?

उत्तर : ठिकाणांची निवड उत्तम आहे, मात्र क्रम बदलावा असे मी आग्रहाने सांगेन. डोंगर पहिल्या दिवशी, जंगल दुसऱ्या दिवशी, समुद्र तिसऱ्या दिवशी आणि शहर शेवटी, असा तो असावा.

याचे पहिले कारण तुमच्या मुलीच्या प्रकृतीशी निगडित आहे. स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याच्या दाबामुळे श्वासावाटे घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यानंतर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच माणूस उंचीवर गेला, तर हवेचा दाब कमी झाल्यामुळे त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत त्रास होऊ शकतो. म्हणूनच एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असे सांगितले जाते, आणि पुष्कळ जण सरसकट २४ तासांचा नियम पाळतात. विमानाचे हे पथ्य बहुतेकांना ठाऊक असते, डोंगराचे मात्र लक्षात राहत नाही. साधारण ३०० मीटरच्या वरची उंचीही यात धरली जाते. तुमची डोंगरावरची रेल्वे जिथे जाते ते कुरांडा हे गाव सुमारे ३३० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पलीकडचे अथर्टन पठार तर ७०० मीटरांहूनही उंच आहे. समुद्रात बुडी मारून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेल्वेत बसणे म्हणूनच श्रेयस्कर नाही. चौथ्या दिवशीचे विमान शक्यतो रात्रीचे घ्यावे, म्हणजे मधले अंतर पुरेसे राहील.

दुसरे कारण मला अधिक प्रिय आहे. या प्रदेशात पाणी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने प्रवाशानेही जावे. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकतात. केर्न्सच्या दक्षिणेला असलेल्या बेलेंडन कर शिखरावर वर्षाकाठी सरासरी ८,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी वर्षावनांतून झिरपत नद्यांना मिळते, नद्या ते खारफुटीपर्यंत आणि चिखलाच्या मैदानांपर्यंत आणतात, आणि तिथून ते प्रवाळांच्या समुद्रात जाते. डोंगर आधी पाहिलेला असला, म्हणजे समुद्रात उतरताना आपण कशाच्या टोकाला आलो आहोत हे मनाशी स्पष्ट असते.

आता दिवसांविषयी. कुरांडाला जाताना रेल्वे आणि येताना रोपवे घ्यावा. ही रेल्वे डोंगरामागच्या खाणींना बंदराशी जोडण्यासाठी बांधली गेली. काम १८८६ मध्ये सुरू झाले आणि १८९१ मध्ये गाडी कुरांडापर्यंत पोहोचली. वाटेतले १५ बोगदे मजुरांनी प्रामुख्याने हाताच्या अवजारांनी खोदले. १९९५ मध्ये सुरू झालेला साडेसात किलोमीटरचा रोपवे जंगलाच्या छतावरून जातो आणि मधल्या थांब्यांवर खाली उतरून चालता येते. हे थांबे घाईने उरकू नयेत.

मोटार हाताशी असेल, तर कुरांडाच्या बाजारात रेंगाळण्यापेक्षा पठारावर युंगाबुरा गावाजवळचा ‘कर्टन फिग’ पाहावा, असे माझे मत आहे. हा आपल्या वड-पिंपळाच्या कुळातला वृक्ष आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून एक बी एखाद्या उंच झाडाच्या फांदीवर पडले, तिथेच रुजले, आणि त्याची मुळे यजमान झाडाला वेढत जमिनीपर्यंत उतरली. कालांतराने यजमान झाड मेले आणि शेजारच्या झाडावर तिरके कलंडले. तिरक्या झालेल्या त्या खोडावरून मग नवी मुळे सरळ खाली सुटत गेली आणि आज सुमारे १५ मीटर उंचीचा मुळांचा पडदा तिथे लोंबतो आहे. यजमान झाड केव्हाच कुजून नाहीसे झाले आहे. लाकडी वाटेने या वृक्षाला पूर्ण फेरी मारता येते आणि प्रत्येक बाजूने तो वेगळाच दिसतो. जवळच ज्वालामुखीच्या विवरांत तयार झालेली ईचम आणि बॅरिन ही तळी आहेत.

डेनट्रीच्या जंगलासाठी पहाटे निघावे. त्या जंगलातले केप ट्रिब्युलेशन केर्न्सपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि डेनट्री नदी तारेने ओढल्या जाणाऱ्या तराफ्यावरून ओलांडावी लागते. ऑस्ट्रेलियातही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे जावईबापूंना अडचण येणार नाही.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीत?

उत्तर : मे महिन्यात जावे. केर्न्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर आहे, त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट चालतात. डिसेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो, तर मे ते ऑक्टोबर कोरडा असतो. दिवाळीच्या सुमारास समुद्र बराच शांत असतो आणि पाणी नितळ असते, हे खरे. परंतु उकाडा वाढलेला असतो आणि नोव्हेंबरपासून विषारी जेलीफिशचा मोसम सुरू होतो. कोरड्या ऋतूचीही एक बाजू सांगायला हवी. मे ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून व्यापारी वारे जोराने वाहतात आणि बोट हेलकावते. ज्यांना बोट लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच गोळी घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय कोरड्या ऋतूत कुरांडाजवळच्या बॅरन धबधब्याची धार बारीक झालेली असते. धबधबा गर्जताना पाहायचा असेल, तर पावसाळाच गाठावा लागेल.

प्रश्न : आमच्यापैकी कोणालाही पोहता येत नाही. माझे वय ६४ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही प्रवाळ पाहूच शकणार नाही का? जेलीफिश आणि मगरींविषयी वाचून भीतीही वाटते.

उत्तर : नक्की पाहू शकाल. ग्रीन आयलंड हे प्रवाळाच्या वाळूचे बेट केर्न्सपासून सुमारे २७ किलोमीटरवर असून बोटीने पाऊण तासात तिथे पोहोचता येते. तिथे काचेच्या तळाची नाव मिळते. बाहेरच्या प्रवाळखडकांवर, म्हणजे दीड-दोन तासांच्या अंतरावर, काही संस्थांचे मोठे तरंगते तळ आहेत. तिथून अर्धपाणबुडीत बसून कपडेही न भिजवता प्रवाळ पाहता येतात. थोडे धाडस करावेसे वाटले, तर तरंगते जाकीट घालून आणि मार्गदर्शकाचा हात धरून केवळ चेहरा पाण्यात घालावा. तेवढ्यानेही डोळ्यांचे पारणे फिटते.

बोटीवर प्रकृतीविषयीचा अर्ज भरून घेतला जातो. त्यात रक्तदाबाची गोळी कृपा करून लपवू नका. वाटेतच नकार मिळेल या भीतीने अनेक जण खोटे लिहितात. पाण्यातल्या श्रमाने हृदयावर ताण येतो, आणि आपल्याविषयी खरे ठाऊक असेल तरच पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक आपल्याकडे वेळेवर पाहील. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा.

बॉक्स जेलीफिशचा धोका मुख्यतः किनाऱ्यालगत आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतो. नखाएवढा असणारा इरुकांजी हा जेलीफिश मात्र दूरच्या पाण्यातही आढळतो. म्हणून मोसमात सर्वांगाला झाकणारा पातळ सूट घालावाच, आणि इतर वेळीही घालावा, कारण उन्हापासूनही तोच उत्तम रक्षण करतो. दंश झाल्यास जागा चोळू नये, तिच्यावर किमान अर्धा मिनिट भरपूर व्हिनेगर ओतावे आणि ००० या क्रमांकावर मदत मागवावी. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या याच कामासाठी ठेवलेल्या असतात.

मगरींच्या बाबतीत नियम सोपा आहे. नदी, खाडी, खारफुटी आणि त्यांच्या मुखाजवळचा किनारा येथे पाण्यात उतरू नये आणि काठाशी बसूही नये. पाटी नसली, तरी मगर नाही असे समजू नये.

प्रश्न : केर्न्ससमोरच्या समुद्रातली ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळरांग मेली आहे असे वारंवार वाचनात येते. मग एवढा खर्च करून जाण्यात अर्थ काय?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मेली आहे’ हेही खरे नाही आणि ‘काही झालेले नाही’ हेही खरे नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे. चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या त्या इवल्या जिवाच्या शरीरात सूक्ष्म शैवाले वास करतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचे बरेचसे रंगही त्यांच्यामुळेच असतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन बिघडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो आणि त्याच्या पारदर्शक शरीरातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेत तो उपाशी असतो, मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो.

या रीफवर असे व्यापक विरंजन (प्रवाळ पांढरे पडणे) १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झाले. या सालांमधले अंतर पाहिले, तरी काळजी कशाची आहे ते उमगते. प्रवाळांना सावरण्यासाठी वर्षे लागतात आणि ती वर्षेच आता मिळेनाशी झाली आहेत. तरीही ही रचना सुमारे २,३०० किलोमीटर लांब असून तिच्यात सुमारे २,९०० स्वतंत्र प्रवाळखडक आहेत. एका खडकाची पडझड झालेली असताना दुसरा भरभरून वाढलेला असतो, एवढेच काय, एकाच खडकाच्या दोन बाजूंची स्थितीही वेगळी असते.

म्हणून मी म्हणेन की जावे, पण पोपटमाशाकडे पाहत पाच मिनिटे एकाच जागी थांबण्याच्या तयारीने जावे. कान पाण्याखाली असताना तो खडक कुरतडतो त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात. खडकावर वाढलेले शैवाल खाताना तो चुनाही खरवडून गिळतो आणि पुढे गेल्यावर मागे पांढरी वाळू सोडतो. बेटावर आपण ज्या वाळूवर बसतो, तिच्यात हीदेखील मिसळलेली असते. कशालाही स्पर्श करू नये, पायातल्या पंखांनी खडकावर टेकू नये. पाण्यात उभे राहावेसे वाटले, तर तरंगत्या दोराशी यावे. प्रत्येक प्रवाशाकडून घेतले जाणारे पर्यावरण शुल्क या सागरी उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी वापरले जाते, तेव्हा तिकिटात ते वेगळे दिसल्यास वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : डेनट्रीच्या जंगलात कॅसोवरी पक्षी दिसेल का?

उत्तर : खात्री कोणीच देऊ शकणार नाही. माणसाएवढा उंच होणारा हा पक्षी उडत नाही आणि सहसा एकटा हिंडतो. मादी आकाराने मोठी असते. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे काम नर करतो. जंगलातली मोठी फळे अखंड गिळून त्यांचे बी दूरवर टाकणारा हा मोठा वाहक आहे, त्यामुळे जंगलाचा विस्तारही त्याच्यावर अवलंबून आहे. वाटेवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर पक्षी जवळपास आहे असे समजावे. त्याला खाऊ घालू नये. माणसाकडून खाण्याची सवय लागली की तो रस्त्याकडे येतो आणि मोटारीखाली सापडतो. समोर आलाच, तर पळू नये, पाठपिशवी पुढे धरून हळूहळू मागे सरावे, कारण त्याच्या पायाच्या आतल्या बोटाची नखी खंजिरासारखी असते.

प्रश्न : सप्टेंबरअखेर आम्ही तिथे असू. शेवटच्या दिवशी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन शहरातच थांबायचे आहे. केर्न्सला समुद्रकिनारा नाही हे खरे का?

उत्तर : शहरासमोर वाळूचा किनारा नाही, हे खरे आहे. तिथे चिखलाचे मैदान आहे. म्हणूनच २००३ मध्ये एस्प्लनेड या काठालगतच्या रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा विनामूल्य पोहण्याचा तलाव बांधण्यात आला. नातवाला सकाळी तिथे डुंबू द्यावे, पण त्याआधी त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवाव्यात. ओहोटीला चिखलावर एकच मोठी नांगी हलवणारे खेकडे आणि परांच्या आधारे उड्या मारणारे निवटे मासे कठड्यावरून दिसतात. सप्टेंबरमध्ये सैबेरिया आणि ईशान्य आशियातून हजारो किलोमीटर उडून आलेले पाणपक्षी याच चिखलात चोची खुपसून पोट भरत असतात. पूर्ण ओहोटीला ते फार दूर असतात. भरती चढू लागली, म्हणजे चिखल पाण्याखाली जात जातो आणि पक्षी काठाकडे सरकत येतात, तेव्हा भरतीच्या दोन तास आधी दुर्बीण घेऊन तिथे बसावे.