धनेशाची ढोली आणि अकरा नावांचा सातबारा

संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा आहे. त्यांच्या घराण्याची सुमारे 18 एकर वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन असून सातबारा सामाईक आहे आणि त्यावर 11 नावे आहेत. जमिनीत दाट झाडोरा आहे, आणि त्यातील एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत गरुड धनेशाची जोडी वर्षानुवर्षे घरटे करते. एका निसर्गसंवर्धन संस्थेने दहा वर्षे तोड न करण्याच्या बदल्यात दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा करार पुढे केला आहे. दुसरीकडे, मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाने एका लाकूड व्यापाऱ्याकडून 40,000 रुपये बयाणा घेऊन ठेवला आहे, आणि ‘कागदावर धनेश आला की सातबाऱ्यावर वनखाते आलेच’ असे तो सर्वांना सांगत असतो. अमेरिकेतील पुतण्याने तिकडच्या अशाच एका कराराचा नमुना पाठवून तोच वापरावा असे सुचवले आहे. जमीन सरकारजमा होईल का, आपण एकट्याने सही करू शकतो का, आणि ही सही पुढच्या पिढीला बांधील का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रथम पुतण्याच्या नमुन्याविषयी, कारण तो वापरण्याचा मोह होणे साहजिक आहे. अमेरिकेत 1973च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानंतर खासगी जमीनमालकांना अशी भीती वाटू लागली की, दुर्मीळ प्राणी आपल्या जमिनीत वस्तीला आला तर जमिनीच्या वापरावर बंधने येतील. त्यामुळे एका दुर्मीळ सुतारपक्ष्याला लागणारे जुने पाइन वृक्ष काही मालक पक्षी येण्यापूर्वीच तोडू लागले. त्यावर तोडगा म्हणून 1995 साली नॉर्थ कॅरोलिनात असा करार सुरू झाला की, मालकाने अधिवास सुधारावा आणि त्यामुळे पक्षी वाढले तरी मूळ स्थितीपलीकडे नवे बंधन लादणार नाही, अशी हमी संघराज्य सरकारने द्यावी. पुढे 1999 साली, अद्याप यादीत न आलेल्या परंतु धोक्यात असलेल्या प्रजातींसाठीही तशीच तरतूद झाली, आणि 2024च्या नियमांनी हे दोन्ही प्रकार एकत्र आणले. या कागदाचा सारा प्राण सरकारच्या सहीत आहे. आपल्यासमोरील करारात सरकार पक्षकारच नाही. त्यामुळे ‘यापुढे कोणतेही जादा निर्बंध येणार नाहीत’ हे नमुन्यातील कलम इथे जसेच्या तसे उतरवले, तर एखादी खासगी संस्था शासनाच्या वतीने वचन देत आहे असा हास्यास्पद अर्थ होईल. तो नमुना बाजूला ठेवावा.

आता चुलतभावाच्या भीतीविषयी. ती सर्वस्वी निराधार नाही, पण तिचा रोख चुकला आहे. कोकणातील खासगी रान सरकारकडे गेले ते महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 खाली, आणि त्या कायद्याने ‘खासगी वन’ ठरणाऱ्या जमिनी 30 ऑगस्ट 1975 रोजी शासनाकडे निहित झाल्या, म्हणजे शासनाच्या मालकीच्या झाल्या. आज आपण एखाद्या संस्थेशी करार केला म्हणून त्या तारखेचा परिणाम नव्याने घडत नाही. प्रश्न आहे तो जुन्या कागदांचा. भारतीय वन अधिनियम, 1927च्या कलम 35 खाली (खासगी रानातील तोडीवर निर्बंध घालणारी, जिच्या आधारे जमीन ‘खासगी वन’ धरली जाते ती) आपल्या आजोबांच्या नावे पूर्वी नोटीस निघाली होती का, आणि तिच्या आधारे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कधी नोंद झाली का, हे पाहिलेच पाहिजे, कारण अशा नोंदी अनेक गावांत फार उशिरा घेतल्या गेल्या आहेत. अशी नोंद आढळली तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. नोटीस केवळ काढली होती एवढे पुरत नाही, ती मालकावर बजावली गेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली गोदरेज आणि बॉईस प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पक्ष्यामुळे जमीन जात नाही. मात्र पक्षी तिथे आहे म्हणून आपल्यावर जबाबदारी आजही आहे, मग करार असो वा नसो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते. गरुड धनेश अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे त्या अपराधाला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास, शिवाय 25,000 रुपयांहून कमी नाही इतका दंड आहे. मी एकदा हद्दीच्या दाव्यात कोर्ट कमिशनरबरोबर रानात गेलो असता वाटाड्याने अशी ढोली दाखवली होती. मादीने आत बसून तोंड लिंपून घेतलेले होते, उभ्या फटीतून चोचीचे फक्त टोक दिसत होते, आणि खाली उंबराच्या बियांचा सडा पडला होता. अशा झाडाला एप्रिलात कुऱ्हाड लावणारा मनुष्य ‘मला ठाऊक नव्हते’ असे न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्या बंधूंनी व्यापाऱ्याला झाड दाखवताना हा विचार केलेला दिसत नाही. शिवाय रानातील ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांसारख्या झाडांच्या तोडीला 1964च्या झाडे तोडण्याच्या (विनियमन) कायद्याखाली परवानगी लागते, ती वेगळीच.

शासनाला पक्षकार करून घेण्याचा एक मार्ग आपल्याकडेही आहे. त्याच वन्यजीव कायद्यात 2002च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 36-सी नुसार, एखादा समाज किंवा व्यक्ती स्वेच्छेने पुढे आल्यास तिची खासगी जमीन राज्य सरकार ‘समुदाय राखीव’ म्हणून घोषित करू शकते. पंजाबातील केशोपूर आणि केरळातील कडलुंडी ही त्याची उदाहरणे आहेत. मालकी आपलीच राहते, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीच्या व्यवस्थापन समितीत मालकाला स्थानही आहे. परंतु एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीच्या वापरात बदल करता येत नाही, अभयारण्यातील काही निर्बंध लागू होतात, आणि मालकाने पुढे माघार घ्यायची तर त्याची वाट त्या कलमात लिहिलेली नाही. अकरा जणांचे एकमत नसलेल्या घराण्याने या वाटेने आज जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा संस्थेशी मुदतीचा करार हाच व्यवहार्य पर्याय उरतो, आणि त्यातील खरी अडचण वनकायद्यात नसून आपल्या सातबाऱ्यात आहे. सहहिस्सेदाराला स्वतःच्या अविभक्त हिश्श्यापुरताच व्यवहार करता येतो. आपली एकट्याची सही उरलेल्या दहा जणांना बांधत नाही, आणि बेहडा कोणाच्या वाट्यात येतो हे वाटप झाल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. अकराही जणांच्या सह्या घ्याव्यात. जे येऊ शकत नाहीत त्यांचे कुलमुखत्यारपत्र घ्यावे. पुतण्याचे तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येईल, पण ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरला पाहिजे. हे साधत नसेल तर आधी तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली संमतीने वाटप करून ढोलीचा तुकडा स्वतःच्या नावे करून घ्यावा, आणि मग करार करावा.

व्यापाऱ्याच्या बयाण्याकडे दुर्लक्ष करू नये. तोडून नेण्यासाठी विकलेली उभी झाडे कायद्याच्या दृष्टीने जंगम माल आहेत, त्यामुळे नोंदणी न झालेला तो कागदसुद्धा बंधूंच्या हिश्श्यापुरता व्यापाऱ्याच्या हाती हत्यार ठरू शकतो. संस्थेच्या मसुद्यात ‘या जमिनीवर व झाडांवर अन्य कोणाचाही करार नाही’ असे निवेदन असणारच. बयाणा परत करून पावती घेतल्याशिवाय त्याखाली सही करणे म्हणजे खोटे निवेदन करणे होय.

पुढच्या पिढीच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. वारसांवर करार सामान्यतः बंधनकारक राहतो, कारण भारतीय करार अधिनियमाचे कलम 37 तसे सांगते. जमीन विकत घेणाऱ्याचे मात्र तसे नाही. आपल्याकडे सुविधाधिकारासाठी (म्हणजे आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेल्या हक्कासाठी) लाभ मिळणारी दुसरी जमीन असावी लागते. संस्थेची शेजारी जमीन नाही, म्हणून पाश्चात्त्य देशांत चालतो तसा संवर्धनाचा सुविधाधिकार इथे निर्माण करता येत नाही. नुसती परवानगी दिली असेल तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे ती खरेदीदाराला बांधत नाही. आणि भाडेपट्टा करायचा म्हटला, तर शेतकरी नसलेल्या संस्थेला शेतजमीन पट्ट्याने देण्यास कुळकायद्याचे कलम 63 आडवे येते. राहता राहिले मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 40. त्यानुसार जमिनीच्या वापराविषयीचे कराराने आलेले बंधन, ते ठाऊक असलेल्या खरेदीदाराविरुद्ध आणि बक्षिसाने जमीन घेणाऱ्याविरुद्धही अमलात आणता येते. मोल देऊन घेणारा आणि बंधनाची माहिती नसलेला मात्र सुटतो. येथे अनेक वकीलही एक चूक करतात. या कराराची नोंदणी सक्तीची नसल्यामुळे, तो ऐच्छिकपणे नोंदवला एवढ्याने खरेदीदाराला तो ठाऊक होता असे कायदा आपोआप गृहीत धरत नाही. नोंदणी अवश्य करावी, परंतु विक्रीपूर्वी खरेदीदाराला लेखी कळवण्याचे कलम करारात घालावे आणि रानाच्या वाटेवर ठळक फलकही लावावा.

मसुद्यातील आणखी काही गोष्टी आपल्या बाजूने दुरुस्त करून घ्याव्यात. ‘जमिनीत कोणताही हस्तक्षेप करणार नाही’ असे सरसकट वाक्य ठेवू नये. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ म्हणजे पानांसकट फांद्या तोडणे, वाळकी लाकडे आणणे, बेहडा-हिरडा गोळा करणे, गुरे चारणे आणि देवाच्या जागेकडे जाणे हे हक्क नावानिशी राखून ठेवावेत. ढोलीच्या झाडाभोवती किती अंतरात जानेवारी ते जून या काळात कवळ तोडायचा नाही, हे मात्र मीटरमध्ये लिहावे. पावसाळ्यात झाड उन्मळले तर तो आपला करारभंग नाही हेही लिहावे, कारण जुना पोकळ बेहडा कोकणच्या वाऱ्यात दहा वर्षे टिकेलच अशी हमी कोणी देऊ नये. ढोलीचे छायाचित्र व ठिकाण प्रसिद्ध करण्यास संस्थेला मनाई असावी. संस्थेची वार्षिक रक्कम थकली तर किती दिवसांनी करार संपुष्टात येईल हे नमूद असावे, आणि लवादाचे ठिकाण पुण्याऐवजी रत्नागिरी असावे. पाच-दहा हजारांच्या वादासाठी घाट चढणे आपल्याला परवडणार नाही.

एक शब्दसुद्धा जपून वापरावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996च्या आदेशाने मालकी कोणाचीही असली तरी शब्दकोशातील अर्थाने जे ‘वन’ आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो, आणि 2023च्या दुरुस्तीनंतरही न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये तूर्त तोच अर्थ कायम ठेवण्यास सांगितले आहे. उद्या घराण्यातील कोणाला त्या जमिनीत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या असतील, तर ‘हे घनदाट वन आहे’ असे आपल्याच सहीचे वाक्य विरुद्ध पक्ष पुराव्यात दाखल करील. झाडोरा लपवावा असे मी म्हणत नाही; तो आहे तसा लिहावा, पण जमिनीचे वर्णन सातबाऱ्यावरील शब्दांतच करावे.

तूर्त संस्थेकडून मसुद्याची कोरी प्रत घ्यावी आणि सही पुढे ढकलावी. दरम्यान तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून या गटाचे जुने सर्व फेरफार उतारे नक्कल अर्ज देऊन काढावेत. त्यांपैकी एकातही कलम 35 चा किंवा ‘खाजगी वन’ असा उल्लेख आढळला, तर संस्थेशी पुढचे बोलणे थांबवून त्या उताऱ्याची प्रत मला पाठवावी.