नवी बॅटरी घातली, तरी गाडी सुरू होत नाही

प्रश्न : माझे घर चिपळूणला आहे आणि नोकरीनिमित्त मी मुंबईत असतो. घरची गिअरची छोटी पेट्रोल गाडी दहा-बारा दिवस दारात उभी राहते. अलीकडे प्रत्येक वेळी घरी आल्यावर चावी फिरवली की ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि इंजिन फिरतच नाही. उतारावर ढकलली की मात्र लगेच सुरू होते, आणि गुहागरला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी विनातक्रार चालू होते. मे महिन्यात नवी बॅटरी घातली, तरी फरक पडला नाही. आता गॅरेजमधून सेल्फ बदलायचा सल्ला मिळाला आहे. तो बदलावा का? गेल्या वर्षी गाडीत पुढचा रस्ता टिपणारा कॅमेरा बसवला आहे, एवढाच काय तो बदल. – एक वाचक

उत्तर : सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फिरा देणारी मोटर, एवढ्यात बदलू नका. आपण पत्रात जे बारकावे लिहिले आहेत, त्यांतच बहुतेक उत्तर आहे. ढकलल्यावर गाडी लगेच सुरू होते, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी या दोन्ही गोष्टी जागेवर आहेत. प्रवासानंतर दुसऱ्या सकाळी ती चावीवर सुरू होते, म्हणजे सेल्फही काम करतो आणि बॅटरी एक रात्र तरी वीज धरून ठेवते. भराभर येणारी टकटक ही बहुतेक वेळा वीज अपुरी पडत असल्याची खूण असते : सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, त्याच क्षणी बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा वर येतो आणि हेच चक्र सेकंदात अनेकदा घडते. दिवे तेजस्वी राहून एकच ‘टक्’ असा आवाज आला असता, तर मी आधी सेल्फवरच संशय घेतला असता.

तेव्हा प्रश्न उरतो तो गाडी उभी असताना वीज जाते कुठे हा, आणि माझा पहिला संशय त्या कॅमेऱ्यावर आहे. गाडी बंद असतानाही घड्याळ, रिमोट लॉक आणि संगणक थोडी वीज घेतातच. ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. कॅमेरा थेट बॅटरीवरून जोडला असेल आणि उभ्या गाडीतही चित्रण करत असेल, तर तो एकटाच २०० मिलिअँपिअर सहज घेऊ शकतो. म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते, त्यामुळे ती आठवडाभरात जवळजवळ रिकामी होईल, मग ती नवी असो वा जुनी.

पुढच्या खेपेला चावी फिरवण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून बघा. काही शे रुपयांत मिळणारा साधा मीटरही पुरतो. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळपास संपली आहे. गाडी ढकलून सुरू झाल्यावर पुन्हा मोजा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र, ठीक आहे. आधीच्या मोजणीत १२.६ व्होल्ट असूनही टकटकच येत असेल, तर माझा तर्क चुकला असे समजा आणि तारांचे सांधे तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड धरते आणि बॅटरीपासून बॉडीला व इंजिनला गेलेली अर्थिंगची तार नटाखाली गंजते, जी वरून अगदी धडधाकट दिसते. माझ्याच एका जुन्या गाडीचा सेल्फ पूर्वी असाच विनाकारण बदलला गेला. दोष त्या एका नटाखाली होता, आणि म्हणूनच मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे. पूड असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह टर्मिनल सोडवा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडे करा आणि जोडताना उलटा क्रम ठेवा.

ढकलण्याऐवजी शेजारच्या गाडीवरून वीज घ्यायची असेल, तर लाल केबल दोन्हीकडच्या पॉझिटिव्हला लावा; काळ्या केबलचे एक टोक चालू बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीच्या टोकाला नव्हे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीपासून दूर उडालेली बरी.

मे महिन्यात घेतलेली बॅटरी मात्र वारंवार पूर्ण उतरल्यामुळे थोडी खचली असण्याची शक्यता आहे, कारण रिकाम्या अवस्थेत राहिलेल्या प्लेट्सवर सल्फेटचा थर कडक होत जातो. थोड्याशा प्रवासात ती पूर्ण भरत नाही. ३ ते ४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा आणि नंतर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणी, करून घ्या. वॉरंटीचे कार्ड जवळ ठेवा.

तूर्त, मुंबईला निघताना कॅमेऱ्याची जोडणी काढून ठेवा. ते शक्य नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा; मग रिमोट चालणार नाही, दार चावीने लावावे लागेल आणि घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढीच गैरसोय. कॅमेरा काढूनही बॅटरी उतरली, तर इलेक्ट्रिशियनला निगेटिव्ह टर्मिनल आणि तार यांच्यामध्ये अँपिअर मीटर जोडायला सांगा. गाडी बंद करून अर्धा तास थांबावे, मीटर जोडलेला असताना चावी मुळीच फिरवू नये, आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली येईल, त्याच वाटेवर वीज खाणारी वस्तू सापडेल.