आईची बरणी जोडून परत लोणचं घालता येईल का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीसमोर तळमजल्यावर एक छोटी गॅलरी आहे, तिथे मध्यंतरी मातीच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, बरीचशी जपानी वळणाची कामं. फुटलेले बाऊल सोनेरी रेघांनी जोडलेले बघितले आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आईची चिनी मातीची लोणच्याची बरणी गणपतीच्या साफसफाईत फुटली, चार तुकडे पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. ऑनलाइन किंत्सुगीचं, म्हणजे या सोनेरी जोडकामाचं, किट मिळतं, ते आणून जोडली तर परत लोणचं घालता येईल का? आणि तिथे एक वाकडा पेला साडेतीन हजारांना होता, एवढं काय असतं त्यात? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुकडे टाकले नाहीत हे फार चांगलं केलंत. पण लोणचं नको, हे आधीच सांगते.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त किटमध्ये असतं इपॉक्सी, म्हणजे रासायनिक गोंद, आणि सोनेरी रंगाची पावडर, त्यात सोनं नसतं आणि ते गरम, आंबट, तेलकट खाण्याला लागू द्यायचं नसतं. मी स्वतः एक मग असा जोडला होता, गरम चहा ओतल्यावर आठवड्याभरात कान हलायला लागला. खरी किंत्सुगी होते उरुशीने, म्हणजे एका झाडाच्या चिकाने, आणि गंमत बघा, ते झाड आपल्या आंबा, काजू, बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे कच्ची उरुशी हाताला लागली की बिब्बा उतल्यासारखी अंगावर उठते, ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी उरुशीत पीठ कालवून तुकडे चिकटवतात, मग मातीची बारीक पूड मिसळून खाचा भरतात, घासतात, परत थर देतात आणि सगळ्यात शेवटी सोन्याची पूड. प्रत्येक थर वाळायला दिवस जातात, सगळं मिळून महिना-दोन महिने कुठेच गेले नाहीत. उरुशी वाळते मात्र दमट हवेत, साधारण 70 ते 85 टक्के आर्द्रता लागते, जपानात त्यासाठी मुद्दाम ओलसर कपाट करतात आणि मुंबईत पावसाळ्यात ते आपल्याला फुकटात मिळतं!

मग खऱ्या उरुशीने जोडली तर? उरुशी पक्की वाळली की चिवट असते, जपानात सूप प्यायचे लाकडी वाडगेसुद्धा तिनेच रंगवतात. पण तुमच्या बरणीची अडचण वेगळी आहे. इतकी वर्षं तेल-मीठ मुरलेलं असणार, फुटलेल्या कडेला तेल राहिलं तर कुठलाही चिकटा धरत नाही, आणि धरला तरी पाच किलो कैरीचं वजन आणि खार वर्षभर त्या सांध्यावर टाकायचा म्हणजे जोखीमच, सांध्यात बुरशी लागली तर अख्खं लोणचं जाईल. तेव्हा तुकडे साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, कडक उन्हात चांगले आठ दिवस वाळवा, मग उरुशीचं काम करणाऱ्याकडून जोडून घ्या, आणि त्यात सुक्या मिरच्या नाहीतर खडीसाखर ठेवा. रोज हात लागला पाहिजे तिला, शोकेसमध्ये ठेवू नका.

किंत्सुगीच्या आधी फुटकी भांडी धातूच्या टाचण्या मारून जोडायचे. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असा एक हिरवा चिनी बाऊल आहे, त्याच्या टाचण्या टोळासारख्या दिसतात म्हणून त्याचं नावच टोळावरून पडलंय. म्हणजे सांधा लपवायचा नाही ही गोष्ट सोन्याच्याही आधीची आहे, आणि मला ती फार आवडते.

आता पेला. माती वाळताना आणि भाजताना दहा-बारा टक्के आकसते, स्टोनवेअर, म्हणजे कडक आचेवर दगडासारखं घट्ट भाजलेलं भांडं, असेल तर दोनदा भट्टी, दुसरी 1200 अंशांच्या वर, आणि प्रत्येक भट्टीत काही भांडी तडकतातच, ती किंमत उरलेल्यांवरच येणार ना. वाकडेपणाचं म्हणाल तर सोळाव्या शतकात जपानातल्या क्योतोत चोजिरो नावाच्या कुंभाराने राकू पद्धतीचे चहाचे बाऊल चाकावर न फिरवता हातानेच घडवले, ते तळव्यात बसावेत म्हणून. आपल्याकडे हे वळण तिथे शिकून आलेल्या लोकांनी आणलं, गुरचरण सिंग जपानात शिकले आणि 1952 मध्ये दिल्लीत त्यांनी पॉटरी काढली, 1971 मध्ये पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू झाली, तिथल्या डेबोरा स्मिथ जपानातल्या बिझेनमध्ये शिकलेल्या. पण वाकडं आहे म्हणून चांगलंच असं मी अजिबात म्हणणार नाही, नुसता चेपलेला पेला आणि जाणून घडवलेला पेला यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो कळतो हातात घेतल्यावर, म्हणून गॅलरीत विचारून उचलाच. ओठाला लागते ती कड बघा, वजन खालीच साचलंय का बघा, उलटा करून बूड बघा, तिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतं आणि खरी माती दिसते, घाईने सोडलेलं बूड लगेच ओळखू येतं. हलकी टिचकी मारा, स्टोनवेअर खणखणीत वाजतं, राकू बद्द वाजतं कारण ते कमी भाजलेलं आणि सच्छिद्र असतं, त्यामुळे धुराने काळं केलेलं राकू चहासाठी घेण्याआधी करणाऱ्यालाच विचारायचं. उद्घाटनाच्या दिवशी गेलात तर कलाकार बहुतेक तिथेच असतो, आणि छोट्या गॅलरीत गर्दी नसते, निवांत बोलतो.

लोणच्यासाठी नवी बरणी घ्याल तेव्हाही हेच करा, उलटी करा आणि टिचकी मारा. आणि घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवा, सकाळी कागद कोरडा असेल तरच कैऱ्या चिरायला घ्या.